क्षण रिकामा न दवडणारे समर्थ

आज चैत्र शुद्ध नवमी. मध्यान्ही गावोगावच्या राममंदिरांत पाळणा हालेल, गुलाल उधळला जाईल, सुंठवड्याचा प्रसाद हातोहाती फिरेल. याच तिथीला आणि याच मध्यान्हसमयी, शके १५३० मध्ये, म्हणजे इसवी सन १६०८ साली, मराठवाड्यातील जांब या लहानशा गावी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या धर्मनिष्ठ दांपत्याच्या पोटी एक बालक जन्मास आले. त्याचे नाव नारायण ठेवण्यात आले. पुढे अवघ्या महाराष्ट्राने ज्यांना समर्थ रामदासस्वामी म्हणून मस्तकी धरले ते हेच.

मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरील परतूर स्थानकावर उतरून जांबेची वाट धरणारे यात्रेकरू या भागाला नवे नाहीत. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात आला. जांब आज त्याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते आणि जांब समर्थ या नावानेच ओळखले जाते. काळी कसदार भूमी, चैत्रातले तापलेले ऊन आणि दूर दक्षिणेस वाहणारी गोदामाई, असा हा परिसर. परतूरकरांना समर्थ हे शेजारच्या गावचे. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील अद्भुत प्रसंग येथल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. त्या चरित्राची एक बाजू मात्र पुरेशी न्याहाळली जात नाही. मनुष्याला मिळालेला मोजका काळ कसा वापरावा, या एका प्रश्नाभोवती हे सारे आयुष्य गुंफलेले आहे.

नारायण सात-आठ वर्षांचा असताना सूर्याजीपंतांनी देह ठेवला. घराचा भार थोरले बंधू गंगाधरपंत यांच्यावर आला. त्यांनाच संप्रदायात श्रेष्ठ असे संबोधतात. धाकटा नारायण अंगाने चपळ, पोहण्यात आणि झाडावर चढण्यात पटाईत. परंतु मधूनच एकाएकी अबोल होई. एकदा तो घरातील अडगळीच्या अंधाऱ्या जागी लपून बसला. सर्वत्र शोधाशोध झाली. मातेला तो सापडला तेव्हा तेथे काय करतोस या तिच्या प्रश्नावर आपण विश्वाची काळजी वाहत आहो, असे त्याने सांगितले, अशी कथा आहे. आईला ते पोरपण वाटले असणार. कोणत्याही आईला तसेच वाटले असते.

मुलगा संसारात गुंतला म्हणजे ताळ्यावर येईल, या आशेने राणूबाईंनी त्याचे लग्न ठरविले. वय वर्षे बारा. जवळच्याच आसनगावी मांडव पडला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली आणि उपाध्यायांनी सावधान हा शब्द उच्चारला. लग्नमंडपात तो शब्द शेकडो वेळा उच्चारला जातो आणि अक्षता टाकण्यापलीकडे त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या बारा वर्षांच्या मुलाने मात्र तो शब्दशः घेतला. काळ जात आहे, जागा हो, असे जणू त्याला कोणी हाक मारून सांगितले. तो बोहल्यावरून उठला आणि पळत सुटला.

येथे थोडे थांबणे भाग आहे. हा प्रसंग कीर्तनात रंगवून सांगितला जातो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु त्या अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूस एक मुलगी हातात माळ घेऊन उभी होती. तिच्याविषयी चरित्रकार फारसे बोलत नाहीत. घरी राणूबाई होत्या. त्यांनी पुत्रवियोगाने इतके अश्रू गाळले की त्यांची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. समर्थांनी आपला काळ रामाला दिला हे खरे. तो काळ ज्यांच्या वाट्याचा होता त्यांच्याकडून तो त्यांनी उचलून घेतला, हेही तितकेच खरे. एवढे मोठे ऋण शिरावर घेऊन जो घराबाहेर पडतो, त्याला पुढे एक घटकाही वाया घालविण्याचा अधिकार उरत नाही. समर्थांच्या पुढील आयुष्यातील कठोर शिस्तीचे मूळ या ऋणाच्या जाणिवेत असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मजल दरमजल करीत नारायण पंचवटीस पोहोचला. नाशिकजवळ टाकळी येथे नंदिनी नदी गोदावरीला मिळते. त्या संगमाजवळ एका गुहेत त्याने मुक्काम केला आणि तेथे बारा वर्षे तप केले. भल्या पहाटे उठावे, स्नानसंध्या आटोपावी, सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गायत्रीचा व त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप करावा, त्यानंतर पंचवटीत जाऊन मधुकरी मागावी, रामाला नैवेद्य दाखवून ती ग्रहण करावी, दुपारी ग्रंथांचे वाचन-लेखन करावे आणि सायंकाळी पुराण-कीर्तन ऐकावे. हा क्रम एक तप चालला. तेरा कोटी जप झाला असे संप्रदायात मानतात. बारा वर्षांच्या दिवसांत तो वाटला तर रोजचा जप सुमारे तीस हजार येतो. याच काळात त्यांनी वाल्मीकिरामायणाची संपूर्ण प्रत स्वहस्ते उतरून काढली. ती समर्थांच्या हातची प्रत म्हणून धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. चोवीस हजार श्लोकांचा तो ग्रंथ बोरूने उतरून काढण्यास किती दुपारी लागल्या असतील, याची कल्पना ज्यांनी चार पाने तरी सुवाच्य लिहून पाहिली असतील त्यांनाच येईल.

तपश्चर्येचा शेवट होत असतानाच दख्खनवर १६३० ते १६३२ या काळातील भयंकर दुष्काळ कोसळला. गावेच्या गावे ओस पडली, माणसे अन्नान्न करीत वाटेवर पडली. त्यातच लष्करी धामधुमीची भर. अशा वेळी समर्थ टाकळीहून निघाले. आपला पहिला शिष्य उद्धव याला त्यांनी तेथील मारुतीच्या उपासनेसाठी ठेवले आणि स्वतः देशाटनास बाहेर पडले. काशी, अयोध्या, बदरीकेदार, जगन्नाथ, रामेश्वर अशी चारी दिशांची तीर्थे त्यांनी पायी पाहिली. यालाही बारा वर्षे लागली. तीर्थांत देव पाहिला तसा त्यांनी देशही पाहिला. लोक काय खातात, कशाला भितात, कोणापुढे वाकतात, मंदिरांची अवस्था कशी झाली आहे, हे सर्व त्यांच्या दृष्टीस पडले. पुढे त्यांच्या रचनांत लोकस्थितीचे जे विदारक वर्णन येते ते या पायपिटीचे फळ होय.

आता हिशेब पाहा. बारा वर्षे घरी, बारा वर्षे तपात, बारा वर्षे प्रवासात. छत्तीस वर्षे गेली. समर्थांचे एकूण आयुष्य सुमारे चौऱ्याहत्तर वर्षांचे. म्हणजे निम्मे आयुष्य सरले तेव्हा त्यांच्या नावावर मठ नव्हता, ग्रंथ नव्हता, शिष्यांचा मोठा परिवार नव्हता. व्यवहारी दृष्टीने पाहणारा मनुष्य म्हणेल की या गृहस्थाने ऐन उमेद फुकट घालविली. आज मुलगा पंचविशीत स्थिरस्थावर झाला नाही तर आपल्या घरांत केवढी चिंता पसरते! समर्थांची वेळेविषयीची समज निराळी होती. घाई करणे आणि वेळ न दवडणे या दोन गोष्टी त्यांना एक वाटत नव्हत्या. पाया खणण्यास लागणारा काळ हा इमारतीचाच काळ असतो, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले.

देशाटनाच्या अखेरीस ते पैठणास आले. तेथे कीर्तनप्रसंगी मातेच्या अंधत्वाची वार्ता त्यांच्या कानी आली आणि ते जांबेस गेले. चोवीस वर्षांनंतर एक जटाधारी गोसावी दाराशी उभा राहून भिक्षेची हाक देतो आणि आंधळी माता आवाजावरून आपल्या नारायणाला ओळखते, हा प्रसंग वाचताना आजही डोळे पाणावतात. त्यांच्या हस्तस्पर्शाने राणूबाईंना पुन्हा दिसू लागले, असे चरित्रकार भक्तिभावाने लिहितात. समर्थ काही काळ आईजवळ राहिले. त्यांनी तिला भागवतातील कपिल-देवहूती संवाद विशद करून सांगितला. मुलाने आईला ज्ञान सांगावे असा तो पुराणप्रसिद्ध प्रसंग. त्याची निवडही किती समर्पक! मग तिची अनुज्ञा घेऊन ते पुन्हा निघाले. पुढे शके १५७७ मध्ये राणूबाईंचा अंतकाळ आला तेव्हा ते जांबेस तिच्यापाशी होते, असे संप्रदायात सांगतात. कामाचा व्याप तेव्हा ऐन भरात होता. तरीही तो बाजूला ठेवून ते आले. बोहल्यावरून पळताना आईचा जो काळ त्यांनी नेला होता, त्यातला थोडा तरी त्यांनी तिला परत आणून दिला.

शके १५६६, म्हणजे १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले आणि येथून त्यांच्या कार्याचा वेग पाहून मन थक्क होते. दुसऱ्याच वर्षी मसूर येथे रामनवमीचा उत्सव सुरू झाला. शके १५७० मध्ये चाफळ येथे राममंदिर उभे राहिले. तेथील मूर्ती अंगापूरच्या डोहातून वर काढल्याची कथा सर्वश्रुत आहे. शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळे, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव इत्यादी ठिकाणी अकरा मारुतींची स्थापना सुमारे दहा वर्षांत पार पडली. मारुतीच्या देवळापाशी तरुणांनी बलोपासना करावी, अशी त्यामागची दृष्टी. गावोगाव मठ झाले, त्यांवर महंत नेमले गेले. मिरजेच्या बालविधवा वेणाबाईंना त्यांनी कीर्तन करण्याचा अधिकार दिला. ज्या काळी विधवेचे आयुष्य म्हणजे कोपऱ्यात बसून दिवस मोजणे असे समजले जाई, त्या काळी एका स्त्रीच्या हाती मठ सोपविणे हे तिचे उरलेले आयुष्य तिला परत देण्यासारखेच होते. छत्रपती शिवाजी महाराजांशी समर्थांची पहिली भेट कधी झाली यासंबंधी संप्रदाय आणि इतिहाससंशोधक यांच्यात मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.

शिवथरच्या घळीत, धबधब्याचा अखंड नाद ऐकू येईल अशा त्या गार अंधाऱ्या जागी, समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहावे अशा रीतीने दासबोध सिद्ध झाला, अशी श्रद्धा आहे. वीस दशक, दोनशे समास आणि सुमारे पावणेआठ हजार ओव्या. अध्यात्माचा एवढा मोठा ग्रंथ. पण त्यात पहाटे उठण्यापासून रात्रीपर्यंतचा दिवस कसा घालवावा हेही आहे. अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात ते साध्या संसारी माणसाला दिनक्रमच आखून देतात. पहाटे उठून काही पाठांतर करावे, देवाचे स्मरण करावे, शुचिर्भूत होऊन पूजा करावी, थोडा फलाहार करून आपल्या उद्योगास लागावे, लोकांशी गोड बोलून त्यांची मने राखावीत, आपल्या धंद्यात गाफील राहू नये, भोजनोत्तर काही वाचावे, चर्चा करावी, एकांतात ग्रंथ न्याहाळावेत. आणि मग ते भाग्यवान मनुष्याचे लक्षण सांगतात. भाग्य म्हणजे धन नव्हे, मान नव्हे. जो एकही क्षण रिकामा जाऊ देत नाही तो भाग्यवान. ज्यांच्या घरी दासबोधाची पोथी आहे त्यांनी आज सुंठवडा घेतल्यावर तो समास काढून अवश्य पाहावा.

समर्थ संसार सोडून गेले, परंतु संसाऱ्यांना त्यांनी संसार सोडावयास सांगितले नाही. आधी प्रपंच नेटका करा, मग परमार्थाचा विवेक धरा, हाच त्यांचा आग्रह. तिसऱ्या दशकात जन्मापासून वार्धक्यापर्यंत आयुष्य वाया घालविणाऱ्या माणसाची जी दुर्दशा त्यांनी चितारली आहे ती वाचताना अंगावर काटा येतो. त्याच दशकात मृत्यूवरही एक समास आहे. राजा असो वा रंक, पंडित असो वा योगी, मृत्यू कोणाचीही ओळख धरीत नाही, हे ते एकामागून एक उदाहरणे देत सांगत जातात. तरीही समर्थ रुक्ष नव्हते. अठराव्या दशकात त्यांनी निद्रेवर एक समास रचला असून निरूपणाला बसून पेंगणाऱ्या, घोरणाऱ्या, झोपेत बरळणाऱ्या मंडळींचे असे चित्र काढले आहे की हसू आवरत नाही. आमच्या देवळांतील रात्रीच्या कीर्तनांत ते चित्र आजही जसेच्या तसे पाहावयास मिळते!

एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी अक्षर कसे काढावे याचा उपदेश आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ग्रंथ एका टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, ओळी समान असाव्यात, आणि तरुणपणी डोळे चांगले आहेत म्हणून फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, असे ते बजावतात. काळाचा विचार किती दूरवर! हातात लेखणी धरणाऱ्या तरुणाला ते त्याच्या वार्धक्याची आठवण करून देतात, आणि तीही एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाने सांगावी तशी.

आयुष्य ही आपली मालमत्ता नसून सोपविलेली ठेव आहे, ही भावना आपल्याच धर्मात आहे असे मात्र नाही. समर्थ आठ वर्षांचे होते त्या वर्षी, १६१६ मध्ये, गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. परदेशातून आलेल्या त्या माणसाने आपली उत्तरवर्षे आपल्या मराठी भाषेच्या सेवेत वेचली. ख्रिस्ती धर्मग्रंथांत एका धन्याची कथा आहे. प्रवासास जाताना तो सेवकांजवळ द्रव्य ठेवून जातो आणि परतल्यावर त्यांच्याकडून हिशेब मागतो. भयाने द्रव्य पुरून ठेवणाऱ्या सेवकावर तो रुष्ट होतो. आयुष्याचे दिवस हे असे मोजून दिलेले द्रव्य आहे, असा त्या कथेचा अर्थ ख्रिस्ती भाविक घेतात. पंडिता रमाबाईंनी हा अर्थ कृतीत उतरविला. धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो, केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ स्त्रियांचा सांभाळ करीत असतानाच त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. ऐकू येणे मंदावले, प्रकृती ढासळली, १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. काम पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. हाती घेतलेले लेखन आयुष्याच्या आत पुरे करण्याची ही तळमळ पाहिली की दासबोधाच्या ओव्या सांगणाऱ्या त्या रामभक्ताचीच आठवण होते. वाटा भिन्न, देव भिन्न नावाचा. पण पुढचा दिवस मिळेलच असे गृहीत न धरण्याची सावधता एकच.

शके १५९८ मध्ये समर्थ परळीच्या किल्ल्यावर, सज्जनगडावर, राहावयास आले. १६८० च्या चैत्र पौर्णिमेस शिवाजी महाराज स्वर्गवासी झाले. त्या घटनेने समर्थांचे मन खचले, असे चरित्रकार नमूद करतात. त्यांनी बाहेर जाणे सोडले, अन्न अत्यल्प केले. परंतु त्याही अवस्थेत संभाजीराजांना उद्देशून त्यांनी उपदेशपर पत्र लिहिले. त्यात रागाला आवर घालून माणसे जोडण्याचा आणि वडिलांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवण्याचा सल्ला आहे. शरीर साथ देईनासे झाले तरी बोलण्याजोगे एखादे शब्दकार्य उरले असेल तर ते उरकावे, अशी ती वृत्ती.

माघ महिन्यात तंजावरहून रामपंचायतनाच्या मूर्ती गडावर आल्या. समर्थांनी त्यांची पूजा केली आणि मग काही दिवसांतच, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ च्या प्रारंभी, रामनामाच्या घोषात देह ठेवला. रामनवमीला आलेला हा जीव नवमीलाच गेला. त्या वेळी उद्धव आणि अक्काबाई जवळ होते. अक्काबाई शोक करू लागल्या तेव्हा इतके दिवस अध्यात्म ऐकून शेवटी रडावयासच शिकलात काय, असे समर्थांनी त्यांना हळुवारपणे विचारले, असे सांगतात. देह गेला तरी आपण ग्रंथरूपाने जवळच आहो, हे त्यांचे अखेरचे आश्वासन.

कल्याणस्वामी त्या समयी गडावर नव्हते. ते डोमगावच्या मठात आपले नेमलेले काम करीत होते. ज्यांच्या हातून दासबोध लिहिला गेला त्या शिष्याला गुरूचे अंत्यदर्शन घडले नाही. पुढे बत्तीस वर्षे ते तेथेच उपासना आणि लेखन करीत राहिले. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत त्या मठाने जपली. १७१४ च्या आषाढात त्यांनी देह ठेवला. समर्थांच्या अस्थी काशीस नेत असताना त्या मंडळींचा मुक्काम नेमका त्याच वेळी डोमगावास पडला, आणि गुरु-शिष्यांच्या अस्थी एकत्रच गंगार्पण झाल्या, अशी संप्रदायाची परंपरा आहे.